टेक्सासचा कापूस, सरकारचा चेक आणि आपल्या घामाचे दाम



येत्या जिल्हा बैठकीपुढे एक मागणी चर्चेला येणार आहे. बऱ्याच गावच्या शाखांनी ती लिहून पाठवली आहे. मागणी अशी : "अमेरिकेत सरकार कापूस आणि ज्वारीच्या शेतकऱ्याला एकरी पैसे देते. आपल्या सरकारनेही आपल्याला एकरी अनुदान द्यावे आणि संघटनेने त्यासाठी आंदोलन करावे." मागणी करणारे आपलेच कार्यकर्ते आहेत, हाडाचे कास्तकार आहेत. दोन हंगाम कापसाचा खर्चही निघाला नाही, तेव्हा माणूस शेजारच्याच्या ताटाकडे पाहणारच. त्यात त्याचा दोष नाही.

पण शेजारच्याच्या ताटात काय वाढले आहे, ते कोणी वाढले आणि त्यातले किती त्याच्या पोटात जाते, हे पाहिल्याशिवाय तसेच ताट मागणे शहाणपणाचे नाही. "भीक नको, हवे घामाचे दाम" अशी घोषणा देत ज्या चळवळीने रस्ते अडवले, तिने तर आधी हिशेब मांडला पाहिजे. म्हणून या अंकात अमेरिकेतली एक काउंटी घेऊन तिथे सरकारी पैसा कसा येतो आणि कुठे जातो ते पाहू. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा कारभाराचा तुकडा.

आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख

टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात लबक शहराच्या दक्षिणेला लिन नावाची काउंटी आहे. टहोका हे तिचे मुख्य गाव. हा सगळा माळ कापसाचा आणि ज्वारीचा. पाऊस वर्षाला अठरा-वीस इंच, म्हणजे आपल्या अकोल्याहूनही कमी. तोही लहरी. वारा सुटला की धूळ उडते, गारपीट झाली की उभे पीक आडवे होते. जमिनीखाली ओगलाला नावाचा मोठा पाणीसाठा आहे, पण उपसून उपसून तो खाली चालला आहे. त्यामुळे पुष्कळ जमीन आजही आभाळाच्या भरवशावर पिकते. त्यांची ज्वारी ठेंगणी असते. ती माणसाच्या भाकरीला नव्हे, जनावरांच्या खाद्याला जाते. कापूस यंत्राने एकाच फेरीत ओरबाडून घेतात. हजार-दोन हजार एकर कसणारा कास्तकार तिथे अपवाद नाही.

२०२२ साली टेक्सासमध्ये असा दुष्काळ पडला, की पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र न वेचताच सोडून द्यावे लागले. आपल्याकडे असे झाले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. तिथला शेतकरी मात्र पुढच्या वर्षी पुन्हा पेरणीला उभा राहिला. कशाच्या बळावर? इथूनच आपल्या प्रश्नाची सुरुवात होते.

नांगरून टाकलेल्या कापसापासून सुरुवात

अमेरिकेत सरकारी पैसा शेतात आला तो मंदीच्या काळात. १९२९ साली पाउंडाला १७ सेंटच्या आसपास असलेली रुई १९३१ साली ६ सेंटच्या खाली आली. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने कायदा केला आणि शेतकऱ्यांना सांगितले, उभा कापूस नांगरून टाका, त्याचे पैसे आम्ही देतो. त्या एका हंगामात सुमारे एक कोटी एकर कापूस मोडला गेला.

पैसे कोणाला मिळाले? करार जमीनमालकांशी झाले होते. दक्षिणेकडच्या राज्यांत मळे कसणारे होते बटाईदार, गोरे आणि काळे दोन्ही. त्यांचा वाटा त्यांना देण्याचा नियम होता, पण पुष्कळ मालकांनी तो दिला नाही. पीकच कमी घ्यायचे म्हटल्यावर बटाईदाराची गरजही उरली नाही. हजारो कुटुंबे शेतावरून हुसकली गेली. १९३४ साली आर्कान्सा राज्यात गोऱ्या आणि काळ्या बटाईदारांनी मिळून आपली संघटना उभी केली, ती या अन्यायातून. म्हणजे अनुदानाच्या पहिल्याच वर्षात एक नियम कळून आला : पैसा कागदावरच्या जमिनीच्या मागे जातो, घामाच्या मागे जात नाही.

त्यानंतर नव्वद वर्षांत योजनांची नावे बदलत गेली. १९९६ साली "आता बाजाराप्रमाणे पेरा" असे म्हणून ठरावीक रक्कम देणे सुरू झाले. भाव पडताच तो निर्धार गळाला आणि २००२ च्या कायद्यात रुईसाठी पाउंडाला ७२.४ सेंट असा लक्ष्यभाव आला. बाजारभाव त्याखाली गेला की फरकाचा मोठा भाग सरकार भरून देई. २०१४ साली थेट रक्कम बंद झाली, कापूसही त्या यादीतून वगळला गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो "सरकीसह कापूस" या नव्या नावाने परत यादीत आला. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला, इतकेच. आणि जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने त्याचा संदर्भभाव पाउंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला, तर ज्वारीचा बुशेलला ३.९५ डॉलरवरून ४.४० डॉलर केला.

याशिवाय वेळोवेळी येणारी मदत वेगळी. २०१८ साली चीनशी व्यापारयुद्ध सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोष आवरण्यासाठी दोन वर्षे अब्जावधी डॉलर वाटले. २०१९ मध्ये तर प्रत्येक काउंटीचा दर वेगळा लावला होता, एकरी १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. त्यात कापसाला एकरी सुमारे ११७ डॉलर आणि ज्वारीला सुमारे ४८ डॉलर असे दर ठरले. डॉलरला ८८ रुपये धरले तर कापसाला एकरी दहा हजार रुपयांच्या वर. आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे आहे तो हाच आकडा.

पैसा कुठे जातो?

आता हा पैसा काउंटीत उतरल्यावर काय होते ते पाहू.

भावफरकाचे पैसे यंदा काय पेरले त्यावर मिळत नाहीत. पूर्वी कधी काळी त्या जमिनीत कोणते पीक होते, त्यावरून "मूळ क्षेत्र" ठरलेले असते आणि त्याच्या ८५ टक्क्यांवर पैसे मिळतात. आज त्या एकरात काहीही असो. हा नियम आंधळेपणाने चालला तर काय होते, हे वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने २००६ साली दाखवून दिले. त्यांच्या तपासाप्रमाणे २००० सालापासून एक अब्ज तीस कोटी डॉलर अशा लोकांना गेले होते, जे शेतीच करत नव्हते. टेक्सासमध्येच जुन्या भातशेतीच्या जमिनीचे तुकडे पडून तिथे बंगले झाले होते, आणि बंगल्यात राहणाऱ्यांना भाताचे अनुदान मिळत होते.

खऱ्या शेतकऱ्यांतही वाटप एकसारखे नाही. एका स्वयंसेवी गटाने माहितीच्या कायद्याचा वापर करून २००१ साली काउंटीवार, नावानिशी याद्या लोकांपुढे ठेवल्या. १९९५ पासूनचा हिशेब मांडला तर पीकयोजनांच्या पैशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेलेला दिसतो. एका व्यक्तीला किती द्यायचे याची मर्यादा आहे. २०२५ च्या कायद्याने ती सव्वा लाख डॉलरवरून एक लाख ५५ हजार डॉलर केली. पण भागीदारीत जितकी नावे, तितक्या मर्यादा. आपल्याकडे सीलिंगच्या कायद्यात गड्याच्या आणि न जन्मलेल्या पोराच्या नावावर जमिनी कशा केल्या गेल्या, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगायला नको.

मक्त्याने कसणाऱ्याचे काय? रोखीने मक्ता भरणाऱ्यालाच पैसे मिळावेत असा तिथला कायदा आहे, आणि तो चांगला आहे. पण मालकालाही कळते की कुळाच्या खात्यात एकरी इतके डॉलर येतात. पुढच्या वर्षी तो मक्ता वाढवतो. अनुदानाचा काही भाग मक्त्यात आणि जमिनीच्या किमतीत जिरतो, हे तिथले अर्थशास्त्रज्ञही सांगतात. जमीन महागली की नवा, तरुण शेतकरी ती घेऊ शकत नाही. घेतो तो शेजारचा मोठा.

आता लिन काउंटीकडे परत या. १९३० साली तिथे बारा हजारांवर माणसे राहत होती. २०२० च्या जनगणनेत साडेपाच हजारांच्या आसपास उरली. नव्वद वर्षांच्या सरकारी पैशाने गाव टिकवले, असे म्हणता येत नाही. यंत्रे आली, शेते मोठी होत गेली, हे त्याचे मोठे कारण. अनुदानाने ते थांबले नाही. कापूस टिकला, मोठे खातेदार टिकले, विमा कंपन्या आणि अवजारांचे विक्रेते टिकले. माणसे गेली.

वाटप करणाऱ्या कचेरीबद्दलही एक गोष्ट. तिथे प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण कित्येक काउंट्यांत या समित्या गोऱ्यांच्या हाती राहिल्या आणि काळ्या शेतकऱ्यांना कर्ज आणि मदत नाकारली गेली. त्यांनी सरकारवर दावा लावला. १९९९ साली तडजोड झाली, २०१० साली आणखी सव्वा अब्ज डॉलर द्यावे लागले. तोवर पुष्कळांची जमीन हातून गेली होती. समिती आपल्या लोकांची असली म्हणजे न्याय होतोच असे नाही. आपल्या सोसायट्यांचा अनुभव याहून वेगळा आहे काय?

त्यांचे अनुदान, आपला भाव

इथपर्यंत त्यांच्या घरचे झाले. आता आपल्या घरी काय झाले ते पाहू.

२००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात रुईचा भाव पाउंडाला ४० सेंटच्या आसपास घसरला. ऑक्सफॅम या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३.९ अब्ज डॉलर दिले. भाव पडला की कोणताही शेतकरी पेरा कमी करतो आणि मग बाजार सावरतो. अमेरिकन शेतकऱ्याला भाव पडल्याचे कळलेच नाही. तो पेरत राहिला, गाठी बंदरावर येत राहिल्या. झळ बसली ती माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या आफ्रिकी देशांना आणि यवतमाळ, अमरावती, परभणीला. चार आफ्रिकी देशांनी २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत कापसाचा प्रश्न मांडला. ब्राझीलने तर २००२ सालीच दावा लावला होता. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही तोच कायम झाला.

मग अमेरिकेने अनुदान बंद केले काय? छे. २०१० साली त्यांनी ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर एकरकमी देऊन दावा मिटवला. स्वतःचे अनुदान चालू ठेवण्यासाठी परक्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसे मोजले! भारत या दाव्यात त्रयस्थ म्हणून हजर होता. ब्राझीलच्या शेतकऱ्याच्या पदरात काही पडले, कारण त्याचे सरकार त्याच्या बाजूने भांडले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले ते आपण जाणतो.

सगळा दोष अमेरिकन अनुदानावर टाकून मोकळे होऊ नये, हेही सांगितले पाहिजे. पॉलिएस्टरने कापसाची जागा खाल्ली आहे, चीनचे साठे बाजार वर-खाली करतात, आणि २०२३-२४ मध्ये तर ब्राझीलने निर्यातीत अमेरिकेला मागे टाकले. पण भाव पाडणाऱ्या हातांत तो एक मोठा हात आहे, यात शंका नाही.

आपल्या सरकारची उलटी पट्टी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपण हिशेब करून पाहू.

सरकीसह कापसाला अमेरिकेचा नवा संदर्भभाव पाउंडाला ४२ सेंट. क्विंटलमध्ये २२० पाउंड, म्हणजे साडेब्याण्णव डॉलर. ८८ रुपयांनी गुणले तर क्विंटलला सुमारे ८ हजार १५० रुपये. आपल्याकडे २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे ८ हजार ११० रुपये, मध्यम धाग्याचा ७ हजार ७१०. ज्वारीचे पहा. बुशेलला ४.४० डॉलर म्हणजे क्विंटलला जेमतेम दीड हजार रुपये. आपल्या संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव आहे ३ हजार ६९९.

म्हणजे कागदावर पाहिले तर आपला शेतकरी अमेरिकेच्या बरोबरीने किंवा वरचढ आहे! मग फरक कुठे पडला? तिथे बाजारभाव खाली गेला की फरकाची रक्कम ठरलेल्या सूत्राने खात्यात येते, शेतकऱ्याला माल घेऊन सरकारच्या दारात जावे लागत नाही. इथे हमीभाव मिळतो तो खरेदी केंद्र उघडले तर, मोबाइलवर नोंदणी झाली तर, ग्रेडरने माल पास केला तर, ओलावा आठ टक्क्यांच्या आत असला तर. बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या वेच्याचा कापूस घरात आलेला असतो, सावकार आणि कृषी केंद्रवाला दारात उभा असतो. त्या वेळी केंद्र सुरू नसते. केंद्र सुरू होते तेव्हा लहान शेतकऱ्याचा कापूस खेडा खरेदीत गेलेला असतो. खरिपाच्या ज्वारीचा हमीभाव तर कित्येकांनी फक्त वर्तमानपत्रात पाहिला आहे.

आणि हे नुसते दुर्लक्ष नाही. बाजार चढू लागला की सरकार मुद्दाम हात घालते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार होता. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी आपला कापूस सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा होता. एकाधिकार गेला, पण खोड गेली नाही. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात रोखली, मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे ऐन वेचणीचे दिवस. ज्या अमेरिकन शेतकऱ्याला त्याचे सरकार पैसे देते, त्याच्या गाठींना आपल्या सरकारने दार उघडून दिले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

जगातल्या श्रीमंत देशांची ओईसीडी नावाची संघटना आहे. तिने भारतातल्या एका अभ्याससंस्थेबरोबर २०१८ साली हिशेब मांडला. २००० ते २०१६ या काळात सरकारी धोरणांचा भारतीय शेतकऱ्याला झालेला एकंदर लाभ त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या वजा १४ टक्के निघाला. खते, वीज, पाणी यांची सगळी सूट जमेला धरून वजा १४. आपण उणे सबसिडी म्हणतो ती हीच. डंकेल प्रस्तावाच्या दिवसांत संघटना हेच सांगत होती, तेव्हा विद्वान मंडळी हसत होती.

गंमत अशी, की त्याच २०१८ साली अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रारवजा निवेदन दिले, की भारत कापसाला मर्यादेबाहेर मदत देतो! हा हिशेब आजच्या हमीभावाची तुलना १९८६ ते १९८८ या काळातल्या गोठवलेल्या भावाशी करून होतो. इतक्या जुन्या भावाशी तुलना केली तर मजुराचा आजचा रोजही चैन ठरेल. पण या नियमावर आपल्या सरकारने स्वतःच सही केलेली आहे.

बारा हजारांचा हिशेब

आता कोणी म्हणेल, हे सगळे खरे, पण सरकार देतेच आहे तर घ्यायचे की नाही? घ्यायचे. आपल्याच खिशातून गेलेले आहे. फक्त त्याला अनुदान म्हणून पाया पडायचे नाही.

पाच एकर कोरडवाहू कापसाचा हिशेब घ्या. एकरी पाच क्विंटल धरले तर पंचवीस क्विंटल. निर्यातबंदीने किंवा शुल्कमाफीने भाव क्विंटलला फक्त पाचशे रुपयांनी खाली आला, तर त्या घराचे साडेबारा हजार रुपये गेले. केंद्राचे सन्मान निधीचे सहा हजार आणि २०२३ पासून राज्याने जोडलेले सहा हजार मिळून वर्षाला बारा हजार होतात. एका हाताने साडेबारा घेतले, दुसऱ्या हाताने बारा दिले आणि वर फोटो काढला. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

एकरी मदतीचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारने हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले. पैसे आले ते २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. ई-पीक पाहणीत नोंद नसलेले तलाठ्याच्या आणि कृषी सहायकाच्या मागे फिरले. मक्त्याने कसणाऱ्याचे पैसे सातबारावाल्याच्या खात्यात गेले. घरधनी गेल्यावर शेत ओढणाऱ्या ज्या बाईच्या नावावर अजून फेरफार झाला नव्हता, ती यादीतच नव्हती. आर्कान्सातल्या बटाईदाराची गोष्ट आपल्या गावात घडायला नव्वद वर्षे लागली, पण घडली. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात ज्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली, त्यांच्या घरी निदान हा प्रश्न आला नाही.

मग मागायचे काय?

अमेरिकेकडून शिकायचे ते तीन गोष्टींत. एक, तिथला विमा प्रत्येकाच्या स्वतःच्या शेताच्या उत्पन्नाच्या नोंदीवर उतरवता येतो. आपल्याकडे महसूल मंडळाची सरासरी काढतात, म्हणून एका शिवारात गारपीट झाली तरी मंडळ "चांगले" ठरते. दोन, भाव पडल्यावर फरक किती आणि केव्हा द्यायचा याचे सूत्र कायद्यात लिहिलेले आहे, मंत्र्याच्या मर्जीवर नाही. तीन, कोणाला किती मिळाले याच्या याद्या नावानिशी लोकांपुढे आल्या.

शिकायचे नाही ते हे, की शेतकऱ्याने सरकारच्या चेककडे डोळे लावून पेरणी करावी. अमेरिकेत शेतीवर जगणारे थोडे आणि कर भरणारे पुष्कळ, म्हणून त्या सरकारला ते परवडते. आपल्याकडे निम्मी जनता शेतीवर पोट भरते. निम्म्यांना उरलेल्या निम्म्यांनी किती दिवस पोसायचे? आणि जो देतो तो लगाम हातात ठेवतो. आज एकरी पैसे देणारे सरकार उद्या म्हणेल, पैसे घेता ना, मग निर्यातबंदीविरुद्ध ओरडू नका.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. पहिली मागणी भावाची आणि मोकळ्या बाजाराचीच राहावी : कापूस आणि ज्वारीच्या आयात-निर्यातीचे नियम पेरणीपूर्वी जाहीर व्हावेत आणि हंगाम संपेपर्यंत त्यांत बदल करू नये. दुसरी, सरकारने मध्येच नियम बदलला आणि भाव हमीभावाखाली गेला, तर फरकाची रक्कम अनुदान म्हणून नव्हे, नुकसानभरपाई म्हणून, विक्रीच्या पावतीवर, साठ दिवसांत द्यावी. मध्य प्रदेशात २०१७ साली भावांतर योजना आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव पाडल्याची तक्रार झाली. म्हणून फरक एका बाजाराच्या भावावरून न काढता राज्याच्या सरासरीवरून काढावा. तिसरी, जी काही रक्कम येईल ती कसणाऱ्याला मिळावी, मक्तेदार आणि शेत कसणाऱ्या बायका यांच्यासह, आणि क्षेत्र व रकमेसह यादी चावडीवर लागावी. चौथी, विम्याचे गणित गावपातळीवर आणि पुढे शेतापर्यंत आणावे. पाचवी, जागतिक व्यापार संघटनेत १९८६-८८ च्या भावाचा नियम बदलून घेण्यासाठी आणि श्रीमंत देशांचे कापूस अनुदान कमी करण्यासाठी सरकारने भांडावे. ब्राझील भांडू शकतो, तर आपण का नाही?

ज्यांना एकरी अनुदानाचीच मागणी योग्य वाटते त्यांनी बैठकीत ती जरूर मांडावी. ठराव मताने होईल, संपादकीयाने नाही. पण येताना प्रत्येक शाखेने निदान दहा घरांचा मागच्या तीन हंगामांचा हिशेब वहीत लिहून आणावा : एकरी खर्च किती, किती क्विंटल कापूस आणि ज्वारी विकली, कोणत्या तारखेला, काय भावाने, ओलावा आणि कट्टी म्हणून किती कापले, आणि सरकारी खात्यातून किती रुपये आले. मक्त्याने कसणाऱ्यांची घरे वेगळी लिहावीत. ज्या घरी शेत बाई पाहते तिथे बाईलाच विचारावे.

या वह्या टेबलावर ठेवल्या, की चेकचा आकडा आणि भावात गेलेला आकडा शेजारी शेजारी दिसतील. त्यातला मोठा कोणता, ते पाहून मग हात वर करा.